शनिवारचं तेल

आमच्या दुकानात खऱ्या बंदुका कधीच आल्या नाहीत. आल्या त्या सगळ्या छऱ्याच्या. नळी सांध्यात मोडून खाली करायची, ज्वारीच्या दाण्याएवढा शिशाचा छरा घालायचा, नळी पुन्हा सरळ करायची आणि चाप ओढायचा. आत दारू नाही की काही नाही. दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते, पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला बाहेर फेकते. एवढं साधं यंत्र, पण त्याच्या तक्रारी मात्र सासूच्या सुनेबद्दल असाव्यात तितक्या.

दुकान आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. उद्यमनगरातल्या एका मागच्या बोळात, अर्ध्यावर अडकणाऱ्या शटरचं. आबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून बंदुका उघडायचं काम माझ्याकडे आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. मला बघायला येणाऱ्या मंडळींना आई यातलं काही सांगायची नाही. 'वडिलांना दुकानात मदत करते' एवढंच म्हणायची आणि माझी काळी नखं पदराखाली झाकायला खुणवायची.

गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची. जत्रेतले फुगेवाले यायचे, त्यांना नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी जरा वाकडी करून हवी असायची, म्हणजे फुगे कमी फुटतात. ते मी हसत हसत करून द्यायचे. दुसरे शेतकरी. त्यांना पिकातली पाखरं आणि वानरं हाकलायची असायची. आबांचा नियम एकच होता, शेतकऱ्याच्या बंदुकीत होती तशीच स्प्रिंग घालायची, तारेची जाडी वाढवायची नाही.

"हाकलायची वस्तू हाय ती," ते म्हणायचे. "मारायची न्हवं."

नव्वदच्या दशकातला कुठलातरी उन्हाळा असेल. मामा बंदूक पोत्यात गुंडाळून एसटीनं आला. मामाचं गाव राधानगरीकडं, शेत जंगलाला लागून. भुईमूग भरायला लागला की वानरांची टोळी उतरायची आणि वेलच्या वेल उपटून बसायची. मामा आडदांड, आवाज असा की बोळाच्या तोंडाशी आला तरी आई घरात चहा टाकायची. पण देवाच्या बाबतीत मऊ. गावच्या मारुतीला शनिवारी पहिलं तेल घालायचा मान वाडवडिलांपासून त्याच्या घराकडे होता. घरात लग्न असो नाहीतर कापणी, मामाचा शनिवार कधी चुकला नाही.

"काय दुखतंय हिला?" मी बंदूक हातात घेऊन विचारलं.

"दम लागतोय," मामा म्हणाला. "फुस्स करती नुसती. वांदरं फांदीवर बसून हसत्यात मला."

मी नळीच्या सांध्यावर कापसाचा पुंजका ठेवला आणि चाप ओढला. कापूस उडून मामाच्या मिशीवर बसला. म्हणजे हवा सांध्यातूनच निसटत होती. मग बंदूक पूर्ण उघडली. पिस्टनच्या तोंडाला चामड्याचा वॉशर असतो, तो वाळून पापड झाला होता. चप्पल करणाऱ्यांकडून आणलेलं म्हशीचं कातडं आमच्याकडे असायचंच, त्यातून नवा वॉशर कापला, तेलात भिजवला, सांध्याचाही बदलला. राहिली स्प्रिंग. ती बसकी झाली होती, एका बाजूला वाकली होती.

इथं मी तशीच दुसरी घालायला हवी होती. फळीवर तशा चार पडल्या होत्या. पण त्यांच्याच शेजारी मी हौसेनं वळवून घेतलेली एक होती, जाड तारेची. स्प्रिंगवाल्याला स्वतः समोर उभं राहून वेढे मोजायला लावले होते. कधी कुणाच्या बंदुकीत घालायला मिळते याची मी वाटच बघत होते. आबा जेवायला घरी गेले होते. मी ती बसवली.

मागच्या बाजूला खोक्याची एक फळी आम्ही चाचणीला ठेवलेली असायची. मामाच्या बंदुकीचा छरा आधी त्या फळीला नुसता खळगा पाडून खाली पडायचा. आता तो आत गेला आणि फळीच्या मागं त्याचं टोक दिसायला लागलं.

"आयला!" मामा ओरडला. "भाची हाय का दारूगोळा!"

मी फुगले. आबांना सांगू नका म्हणाले, मामानं डोळा मारला.

जाताना मी त्याला तेलाचं सांगितलं. वॉशर वाळला की पुन्हा फुस्स होणार, म्हणून तेल घालत राहायला पाहिजे. शेतकरी हे हमखास विसरतात, म्हणून मी एक युक्ती काढली. "शनिवारी मारुतीला तेल घालता न्हवं?" मी म्हटलं. "तवाच हिलाबी थोडं घालत जावा. इसरायचा प्रश्नच न्हाय." मामाला ते इतकं पटलं की त्यानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. थोडं म्हणजे किती, ते मी सांगितलं नाही. आमच्या दुकानात थोडं म्हणजे काडीच्या टोकावरचा थेंब. आणि मामा हा 'थोडी आमटी वाढ' म्हणून वाटी पुढं करणारा आणि तीन भाकऱ्या उठवणारा माणूस. त्याचं थोडं केवढं असतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

पंधरवडा झाला असेल. शेजारच्या एसटीडी बूथवर मामाचा फोन आला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मला नीट ऐकू आला नाही. "आईला घिऊन ये," एवढंच म्हणाला. आम्हाला वाटलं मामीला काही झालं. आईनं एसटीत अख्खा रस्ता देवाचा धावा केला.

गावात पोहोचलो तर मामी धडधाकट दारात उभी. पण मारुतीच्या देवळासमोर सगळं गाव जमलेलं. एका लाकडी खुर्चीत एक मोठं वानर बसवलं होतं, मान पडू नये म्हणून कपाळाला उपरणं बांधलेलं. अंगावर नवं कापड, गळ्यात हार, गुलाल. भजनी मंडळाचे टाळ चालू होते. बायका एकेक करून हळद-कुंकू वाहत होत्या आणि खरोखर रडत होत्या. आमच्याकडं वानर मेलं तर त्याचं सगळं माणसासारखं करतात, मारुतीचंच ते लेकरू. ज्याच्या शेतात ते मेलं, तो त्याचा वारस. त्यानं डोकं भादरायचं, मडकं धरायचं, सुतक पाळायचं आणि तेराव्याला गावाला जेवण घालायचं. मामा सगळ्यात पुढं उभा होता, तुळतुळीत डोक्यानं. मला बघून त्यानं मान खाली घातली.

"वायरीला चिकटलं म्हणं," एक बाई आईला सांगत होती. "बिचारं."

मी खुर्चीच्या जवळ गेले. छातीच्या डाव्या बाजूला, केसांत, रक्ताचा लहानसा डाग वाळला होता, कुणीतरी त्यावर गुलाल जास्तच टाकला होता. वायरीनं असला डाग पडत नाही. हा छऱ्याचा होता. आणि त्याच वेळी, टाळ वाजत असताना, बायका रडत असताना, माझ्या मनात आलं की खालून झाडावर मारलेला छरा एवढा आत गेलाय म्हणजे किती जोरात गेला असेल, स्प्रिंग काय जबरदस्त जमलीय. हे मनात आलं, हे मी नाकारू शकत नाही. त्याची आठवण झाली की मला अजून माझा राग येतो.

देवळामागं खड्डा काढून त्याला बसत्या अंगानं पुरलं. मामानं मडकं धरलं, फिरला, फोडलं. घरी आल्यावर मामीनं दार लोटून घेतलं आणि मामा खाली जमिनीवर बसला.

"मी मारायला न्हवतो गेलतो," तो म्हणाला. "पोरी, तुला ठाव हाय. धा वर्सं मी त्येच्या पोटावर नेम धरतोय. छरा खाली पडायचा, खालच्या फांदीला टक्कन लागायचा आन ते पळायचं. तसाच धरला की."

बंदूक कमजोर होती तेव्हा छरा वाटेतच खाली झुकायचा, म्हणून मामाला वर नेम धरायची सवय लागली होती. जनावरावर नेम धरायचा आणि त्याला लागू द्यायचं नाही, ही त्याची रीत. मी बंदूक जोरकस केली आणि त्याला विचारलंसुद्धा नाही, मामा, तुम्ही नेम कुठं धरता?

"पर स्फोटच झाला," तो म्हणाला. "खरी बंदूक उडाल्यागत. नळीतनं धूर."

मी कोपऱ्यातली बंदूक उचलून नळीला नाक लावलं. कढईत तेल जळाल्यासारखा वास.

"मामा, तेल किती घातलंसा?"

"तूच म्हणालतीस की. शनवारी. देवाला घातलं आन वाटीत ऱ्हायलेलं हिला घातलं."

"सगळं?"

"ऱ्हायल्यालं सगळं. देवाचं तेल टाकून द्याचं व्हय?"

ऑइल इंजिनं बनवणाऱ्या गावात वाढलेली मुलगी मी. हवा जोरात दाबली की तिच्यात तेल आपोआप पेटतं, ठिणगी लागत नाही, हे आमच्या बोळातल्या शेंबड्या पोराला कळतं. बंदुकीत काडीभर तेल वॉशरला मऊ ठेवतं. वाटीभर घातलं तर ते पिस्टनपुढं साठतं, पेटतं आणि बंदूक दुप्पट जोरानं उडते. जाड स्प्रिंगनं काम आणखी सोपं केलं. मी मामाला हे सगळं तिथंच सांगितलं. सांगताना रडत होते. म्हटलं, "तुमची चूक न्हाय मामा, माझी हाय. स्प्रिंग माझी, शनिवारचं डोकं माझं."

मला वाटलं तो माझ्यावर ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"चाप कुणी वडला?" तो म्हणाला. "तू व्हय? गप बस."

मग त्यानं स्वतःचे तळहात पुढं धरले. "त्येचंच तेल घालून त्येचंच लेकरू मारलं," तो म्हणाला. "सुतक हाय तवर देवळात जायचं न्हाय, तेवढं बरं हाय. पर तेराव्यानंतरच्या शनवारी ह्या हातानं तेल कसं घालू? मी सांगनार गावाला."

मामी कडाडली. "वायर म्हणत्यात न्हवं? मग वायर. सांगिटलं तर मान जाईल देवळातला. फॉरेस्टवालं येतील ते येगळंच. तोंड उघडलंसा तर बघा."

मान जाईल हे खरं होतं. आणि मान गेलेला मामा कसा दिसेल, हे मला डोळ्यांपुढं आणवेना. मी मामीच्या बाजूनं बोलले. आपण केलेलं झाकलं जावं म्हणून बोलले की मामासाठी, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. नियम मोडला हेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मामाला जेवान जातंय का?" बास. मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फळीवर जाड तारेची एकही स्प्रिंग नव्हती, एवढंच. माझा गुन्हा कुणी घ्यायलाच तयार नव्हतं आणि तो घेऊन मी दुकानात फुगेवाल्यांच्या बंदुका उघडत बसायचे. कानाखाली एखादी बसली असती तर झोप तरी लागली असती.

तेराव्याला आम्ही पुन्हा गेलो. मामा अर्धा झाला होता. डोक्यावर पांढरे खुंट आले होते. देवळासमोर मांडव, पुरुषांची पंगत बसलेली, मी आणि मामी वाढत होतो. भात, आमटी, लापशी. देवळाचा कारभार बघणारे एक म्हातारे होते, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. त्यांच्या पानावर मी आमटी वाढत होते आणि तेवढ्यात मामा पंगतीच्या मधोमध उभा राहिला. मामीच्या हातातलं पातेलं खणकन पडलेलं मला ऐकू आलं.

"वायरीनं न्हाय," मामा म्हणाला. आवाज फुटत होता. "माझ्या बंदुकीनं मेलंय. काय द्याची ती शिक्षा द्या. मान काढून घ्या. पर मला येत्या शनवारी तेल घालायला लावू नगा."

सगळी पंगत थांबली. मी आण्णांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हातातला घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"ठाव हाय की," ते म्हणाले.

मामा त्यांच्याकडं वळला.

"अरं, बाम फुटल्यागत आवाज झाला. समद्या गावानं ऐकला. वायर काय बंदुकीगत वाजती व्हय? तुझ्या तोंडानं कवा येतंय तेवढंच बघत हुतो." आण्णांनी पानाभोवतीची माशी हाकलली. "डोकं तू भादरलंस, मडकं तू धरलंस, तेरा दिस अन्न गोड लागलं न्हाय तुला. आनी काय शिक्षा द्याची? तेल तूच घालनार. बस खाली, भात गार हुतोय."

मामा मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. शेजारच्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मामी पदर तोंडाला लावून आत पळाली. मलाही रडू आलं, मामाची सुटका झाली म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझी झाली नाही म्हणूनही. आमटीचं भांडं हातात धरूनच मी म्हणाले, "बंदुकीत जाड स्प्रिंग मी घातलेली. चूक माझी हाय." दोघं-तिघं हसले. "अगं, तू आपली भाची हाईस, पावणी हाईस," आण्णा म्हणाले. "तुझं काय त्यात? आमटी आन हिकडं."

जेवणं झाली. मी हात धुवायला मांडवामागं गेले तर तिथं चार बापये उभे. मला वाटलं पाणी हवंय. एकानं इकडं-तिकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, ती जाड स्प्रिंग कुठं मिळती वं?"

मला आधी कळलंच नाही.

"न्हाय म्हंजे, मारायची न्हाय," दुसरा घाईघाईनं म्हणाला. त्याच्या कपाळाला अजून देवळाचा शेंदूर होता. "मारायचं पाप कोण घील? पर तसला आवाज झाला तर टोळी फिरून येत न्हाय. त्या दिसापासनं तुमच्या मामाच्या शिवारात एक वांदर फिरकलं न्हाय बगा. समदी आमच्याकडं आल्यात."

तिसऱ्याची बंदूक मांडवाच्या खांबाला टेकवलेली होती, पोत्यात. तो तेराव्याला जेवायला येताना ती घेऊनच आला होता. मी त्यांच्या तोंडांकडे बघितलं. ही तीच माणसं, जी वानराच्या खुर्चीपुढं टाळ वाजवत रडली होती. ते रडणं खरं होतं. आणि आत्ताचं विचारणंही खरं होतं. भुईमूग त्यांचाही उपटला जात होता.

"मिळत न्हाय," मी म्हणाले. "संपली. आन आता करायची पण न्हाय."

"असं काय करता? सांगा की."

तो आवाज स्प्रिंगचा नव्हताच. तो पेटलेल्या तेलाचा होता आणि हे आमच्या घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. स्प्रिंगनं नाही झालं, असं मला त्यांना सांगता येत नव्हतं, कारण मग कशानं झालं हे सांगावं लागलं असतं. आणि तेल तर प्रत्येकाच्या घरात होतं. म्हणून मी दोष स्प्रिंगवरच राहू दिला. त्यांना वाटू दे माझ्यानंच झालं. निदान आता तरी तो माझ्या अंगावर बसला होता, आणि खरं सांगते, मला थोडं हलकं वाटलं.

तेवढ्यात मामा मागून आला. डोळे सुजलेले, पण बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज आवाजासारखा होता. शेवटचं वाक्य त्यानं ऐकलं असावं. स्प्रिंगपायी चार माणसं भाचीला जाब विचारतायत असं त्याला वाटलं, आणि ते त्याला सहन झालं नाही.

"पोरीला कशाला तरास देताय?" तो गरजला. "तिच्या स्प्रिंगनं काय बी झाल्यालं न्हाय. तिनं मला समदं समजावून सांगिटलंय. माझ्याकडनं तेल ज्यादा पडलं. तेल आत पेटलं, म्हनून त्येवढा आवाज झाला. तिची काय चूक न्हाय, ध्येनात ठेवा."

"मामा!" मी म्हणाले. पण उशीर झाला होता.

चौघं मामाकडं वळले. माझ्याकडे कुणी बघेना. तिसऱ्यानं खांबाला टेकवलेली आपली बंदूक उचलून काखेत घेतली आणि अगदी सहज, गावातल्या पावसाबद्दल विचारावं तसं मामाला विचारलं, "किती पडलं हुतं वं तेल?"

"न्हाय, न्हाय, तसलं करू नका," मी मधे पडले. "बंदूक फुटती. हात जाईल." हे खोटं होतं आणि माझा आवाजच ते सांगत होता. त्यांनी माना डोलावल्या, व्हय व्हय म्हणाले. शेंदूर लावलेल्या माणसाची नजर देवळाच्या दाराकडे गेली, तिथं कोनाड्यात तेलाची वाटी असायची.

मामा माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. भाचीचं नाव राखलं म्हणून त्याचं तोंड उजळलं होतं. मी त्याच्याकडे बघून हसले.